मोठी जोडी हाती आल्यावर काय करावे: टूर्नामेंट पोकरच्या एका सराव-ॲपचे परीक्षण

टूर्नामेंट पोकरचा सराव करून घेणारी ॲप्स आता इतकी झाली आहेत की प्रत्येकाची वैशिष्ट्ये मोजत बसण्यात अर्थ उरलेला नाही. त्यापेक्षा एखादा नेमका प्रश्न ॲपसमोर ठेवावा आणि मिळणारे उत्तर प्रत्यक्ष टेबलावर कितपत कामी येते ते पाहावे, ही पद्धत मला अधिक भरवशाची वाटते. या परीक्षणासाठी घेतलेला प्रश्न असा: नो-लिमिट होल्डेमच्या (प्रत्येकाला दोन झाकलेली पाने, टेबलावर सर्वांसाठी पाच उघडी, आणि पैजेला वरची मर्यादा नाही, असा पोकरचा प्रकार) टूर्नामेंटमध्ये सुरुवातीच्या दोन पानांतच दश्शीची किंवा तिच्याहून मोठी जोडी आली, तर ती कशी खेळावी? ॲपचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे सांगितलेल्या बऱ्याच उणिवा या जातीच्या जवळपास सगळ्याच साधनांत कमीअधिक प्रमाणात आढळतात आणि त्या एकाच कंपनीच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही.

प्रश्न वरवर पाहता सोपा आहे. मोठी जोडी आली की पैसे लावावेत, यात शिकण्यासारखे काय, असे कोणीही म्हणेल. पण ५२ पानांतून दोन पाने १,३२६ प्रकारे येऊ शकतात आणि त्यांपैकी एखादी ठरावीक जोडी केवळ सहा प्रकारे येते; म्हणजे एक्क्यांची जोडी सरासरीने २२१ डावांत एकदा दिसते. दश्शी, गुलाम, राणी, राजा आणि एक्का या पाचही जोड्या एकत्र धरल्या, तरी त्यांतली कोणती तरी एक साधारण ४४ डावांत एकदाच हाती लागते. एखाद्या टूर्नामेंटमध्ये दोनशे डाव वाट्याला आले, तर अशी संधी चार-पाच वेळा येणार, आणि त्यांतल्या एखाद्या वेळी तरी सगळा स्टॅक, म्हणजे हातातल्या सगळ्या चिप्स, पणाला लागण्याची शक्यता मोठी. अनुभवातून शिकायचे म्हटले तर हा शिक्षक फारच क्वचित वर्गात येतो. ॲपमध्ये मात्र एका तासात राण्यांची जोडी शंभर वेळा, शंभर निरनिराळ्या परिस्थितींत समोर ठेवता येते, आणि अशा साधनावर पैसे खर्च करण्याचे माझ्या दृष्टीने हेच सर्वांत सबळ कारण आहे.

ॲपचे मुख्य भाग चार आहेत: फ्लॉपआधीचे (टेबलावरची पहिली तीन पाने उघडण्यापूर्वीचे) तक्ते, प्रश्नोत्तरांच्या धर्तीवरचा सराव, बक्षिसांच्या हिशेबाचे आयसीएम गणकयंत्र आणि स्वतःचे खेळलेले डाव तपासण्याची सोय. चारही भागांचा दर्जा सारखा नाही. सगळ्यांत उत्तम आहेत ते तक्ते.

तेरा गुणिले तेरा चौकोनांच्या परिचित जाळीत १६९ प्रकारचे हात मांडलेले असतात आणि जोड्या कर्णावर वरून खाली उतरत जातात. इथवर नवीन काही नाही. पण जाळीच्या खाली स्टॅकची खोली, म्हणजे तो किती बिग ब्लाइंडचा आहे ते (बिग ब्लाइंड ही डावाआधी एकाने लावायची सक्तीची रक्कम, आणि ती लावणाऱ्याची जागाही), बदलणारी एक पट्टी आहे, आणि ती बोटाने सरकवत १०० बिग ब्लाइंडपासून १० बिग ब्लाइंडपर्यंत आणताना कर्णावरचे रंग ज्या रीतीने बदलतात, ते पाहणे हा या ॲपमधला सर्वांत बोधप्रद भाग आहे. ‘गुलामांची जोडी कशी खेळावी’ हा प्रश्नच अपुरा आहे, ही गोष्ट शंभर पाने वाचून जितकी पटत नाही तितकी ती पट्टी दोनदा सरकवून पटते. शंभर बिग ब्लाइंड असताना पहिल्या जागेवरून कोणी रेझ केली, म्हणजे पैज वाढवली, तर तक्ता गुलामांना बहुतेक वेळा केवळ कॉल करायला, म्हणजे तेवढीच रक्कम लावायला, सांगतो. कारण तिथे पुन्हा रेझ केल्यावर दुबळे हात निघून जातात आणि मागे राहतात ते राण्या, राजे, एक्के आणि एक्का-राजा, म्हणजे ज्यांच्यासमोर गुलामांची अवस्था फारशी बरी नसते. हीच जोडी २५ बिग ब्लाइंड असताना बिग ब्लाइंडच्या जागेवर आली आणि रेझ बटनवरून, म्हणजे पाने वाटणाऱ्याच्या जागेवरून, झाली, तर कॉल हा पर्याय जवळपास नाहीसा होतो आणि सगळा चौकोन पुन्हा रेझ करण्याच्या रंगाने भरून जातो. पाने तीच, बदलली ती खोली, आणि समोरच्याची रेंज, म्हणजे त्याच्याकडे असू शकणाऱ्या हातांचा संच.

याहून सूक्ष्म फरक १२ बिग ब्लाइंडच्या आसपास दिसतो. स्टॅक इतका आखूड झाला की एकतर ऑल-इन करावे, म्हणजे सगळ्या चिप्स लावाव्यात, किंवा पाने टाकावीत, ही शिकवण आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगवळणी पडलेली आहे. तक्ता मात्र अठ्ठी-नव्वीच्या जोड्यांना ऑल-इन करायला सांगतो आणि एक्के-राजांना दोन बिग ब्लाइंडची छोटी रेझ करायला सांगतो. त्यामागचा विचार असा की अठ्ठ्यांना समोरच्यांनी पाने टाकलेलीच हवी असतात, कारण फ्लॉपवर त्यांच्यापेक्षा मोठे पान येण्याची शक्यता फार मोठी असते. एक्क्यांना मात्र कोणीतरी डावात यायला हवे असते, मग ते कॉल करून येवो किंवा चिडून ऑल-इन करून. या तर्काला एक शेपूट आहे. छोटी रेझ फक्त एक्के-राजांवरच केली, तर लक्ष देऊन खेळणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला ती रेझ म्हणजेच मोठी जोडी हे कळायला वेळ लागत नाही. म्हणून तक्ता त्याच रंगात काही दुबळे हातही मिसळतो. हे सारे तिथे आहे, पण रंगांच्या रूपाने. ‘असे का’ याचे उत्तर मात्र ॲप एका ओळीतही देत नाही. वरील स्पष्टीकरण मी माझ्या समजुतीने दिले आहे; नवख्या खेळाडूला ते रंगांवरून उमगेल असे वाटत नाही, आणि न उमगता पाठ केलेला तक्ता परिस्थिती जराशी बदलली की उपयोगाचा राहत नाही.

एक्के घेऊन रेझ न करता नुसतेच डावात शिरावे आणि मागच्यांना येऊ द्यावे, या लोकप्रिय युक्तीचा समाचार ॲपने एका लहानशा तक्त्यात घेतला आहे आणि तो पुरेसा आहे. कोणतीही दोन पाने धरलेल्या एका प्रतिस्पर्ध्यासमोर एक्के सुमारे ८५ टक्के वेळा जिंकतात, दोघांसमोर ७३ टक्क्यांच्या आसपास आणि चौघांसमोर जेमतेम ५६ टक्के. पॉट, म्हणजे मध्ये जमलेली रक्कम, मोठा होतो हे खरे, पण स्टॅक गमावण्याची शक्यताही त्याबरोबर वाढते, आणि टूर्नामेंटमध्ये खिशातून नवा स्टॅक काढून पुढे खेळता येईलच असे नाही.

राजांविषयीची भीती हा असाच एक वेगळा विषय आहे. राजे हातात असले की समोर एक्के असणारच, अशी अनेक जुन्या खेळाडूंची समजूत असते. नऊ जणांच्या टेबलावर आठ प्रतिस्पर्ध्यांपैकी कोणाकडे तरी एक्क्यांची जोडी असण्याची शक्यता सुमारे ४ टक्के आहे, म्हणजे पंचविसांत एकदा. ॲपच्या सरावात राजे घेऊन फ्लॉपआधी पाने टाकली की बहुतेक वेळा लाल खूण येते, आणि खोल स्टॅकच्या एखाद्या टोकाच्या परिस्थितीचा अपवाद सोडला तर ते रास्तच आहे. बक्षिसांचा हिशेब मध्ये आला की मात्र हेच चित्र पालटते. त्याकडे पुढे येतो.

फ्लॉपनंतरच्या सरावात ॲपची खरी कसोटी लागते, कारण मोठ्या जोड्यांवर बहुतेक चिप्स तिथेच जिंकल्या किंवा गमावल्या जातात. गुलामांची जोडी असताना फ्लॉपवर राणी, राजा किंवा एक्का यांपैकी किमान एक पान येण्याची शक्यता ५७ टक्के आहे. राण्यांच्या बाबतीत वरचे पान येण्याचे प्रमाण ४१ टक्के आणि राजांच्या बाबतीत २३ टक्क्यांच्या जवळपास. जोडीचे तिकाटणे होण्याची शक्यता मात्र प्रत्येक जोडीला सारखीच, जवळपास १२ टक्के. या आकड्यांचा अर्थ असा की गुलाम घेऊन बसलेल्या खेळाडूला अर्ध्याहून अधिक वेळा अस्वस्थ करणाऱ्या फ्लॉपला तोंड द्यावे लागणार आहे, आणि त्याची तयारी त्याने आधीच करून ठेवलेली बरी.

सरावातील एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. स्टॅक ४० बिग ब्लाइंड, आपल्याकडे बदाम राणी आणि किलवर राणी, कटऑफवरून (बटनच्या आधीच्या जागेवरून) आपली छोटी रेझ, बिग ब्लाइंडचा कॉल, आणि फ्लॉपवर इस्पिक राजा, चौकट सत्ती, किलवर दुर्री. पडद्यावर तीन पर्याय येतात: चेक (पैज न लावणे), पॉटच्या एक तृतीयांशाएवढी पैज, किंवा तीन चतुर्थांशाएवढी पैज. राजा पाहून घाबरलेला खेळाडू चेक करतो, चिडलेला मोठी पैज लावतो. ॲपचे उत्तर असे आहे की छोटी पैज आणि चेक दोन्ही चालतील, मोठी पैज मात्र चुकीची. इथे ॲपने, विरळाच, एक चांगली तुलना करून दाखवली आहे: याच फ्लॉपवर आपल्याकडे अठ्ठ्यांची जोडी असेल तर तिला संरक्षणाची अधिक गरज असते, कारण नव्वी, दश्शी, गुलाम, राणी, एक्का अशी अनेक पाने तिला घातक ठरू शकतात. राण्यांना धोका उरतो तो मुख्यतः एक्क्याचा. त्यामुळे राण्या निवांतपणे चेक करू शकतात, आणि त्यांच्याहून कितीतरी दुबळ्या असलेल्या अठ्ठ्यांना पैज लावण्याचे कारण अधिक असते. हा विचार ज्याच्या डोक्यात एकदा बसला, तो पुढच्या वेळी ‘माझी जोडी किती मोठी’ एवढाच प्रश्न विचारून थांबणार नाही.

स्टॅक आणि पॉट यांच्या गुणोत्तरावरचे सरावही नेटके आहेत. २० बिग ब्लाइंड घेऊन दोनची रेझ केली आणि बिग ब्लाइंडने कॉल केला, तर स्मॉल ब्लाइंड (बिग ब्लाइंडच्या निम्मी सक्तीची रक्कम) आणि एक बिग ब्लाइंडचा अँटी (डावाआधीची आणखी एक सक्तीची भर) धरून पॉट साडेपाच होतो आणि मागे १८ उरतात. म्हणजे पॉटच्या सव्वातीन पट. १०० बिग ब्लाइंड घेऊन अडीचची रेझ केली, तर साडेसहाच्या पॉटमागे साडेसत्त्याण्णव उरतात. म्हणजे पंधरा पट. पहिल्या परिस्थितीत फ्लॉपवरील सगळ्या पानांहून मोठी जोडी हातात असेल तर सगळ्या चिप्स मध्ये जाणे स्वाभाविक आहे, तर दुसऱ्या परिस्थितीत त्याच जोडीवर शंभर बिग ब्लाइंड मध्ये गेले की समोर बहुधा तिकाटणे किंवा दोन जोड्या निघतात. हे गणित ॲप पुनःपुन्हा, वेगवेगळ्या फ्लॉपवर, जोवर अंगात मुरत नाही तोवर करून घेते, आणि त्यासाठी त्याचे कौतुक करायला हवे.

गाजलेल्या डावांचा एक संग्रहही आहे, आणि त्यात वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या २०१० सालच्या मेन इव्हेंटमधला मॅट ॲफ्लेक आणि जोनाथन दुहामेल यांचा डाव असणे अपेक्षितच होते. पंधरा खेळाडू उरलेले, ॲफ्लेककडे एक्के, दुहामेलकडे गुलाम, फ्लॉपआधी दोघांच्या चढत्या रेझ, फ्लॉपवर दश्शी, नव्वी, सत्ती, टर्नवर (चौथ्या पानावर) राणी, ॲफ्लेक ऑल-इन, दुहामेलचा बराच विचार करून कॉल, आणि रिव्हरवर (पाचव्या, शेवटच्या पानावर) अठ्ठी. ॲफ्लेक पंधराव्या क्रमांकावर बाद झाला आणि दुहामेल पुढे त्या वर्षीचा विश्वविजेता ठरला. ॲप या डावातील प्रत्येक निर्णयाला स्वतंत्र गुण देते. टर्नवर दुहामेलला तारणारी पाने दहा होती: चार राजे व चार अठ्ठ्या (सलग पाच पानांची रांग पूर्ण करणारी) आणि दोन गुलाम. न दिसलेल्या ४४ पानांपैकी दहा, म्हणजे २३ टक्क्यांच्या आत. एक्क्यांच्या बाजूला ऑल-इनसाठी पूर्ण गुण पडतात, आणि निकालाचा त्या गुणांवर काहीही परिणाम होत नाही. एक्के फुटल्यानंतर आठवडाभर ‘आपण हळू खेळायला हवे होते का’ असा विचार करत बसणाऱ्यांनी या संग्रहातील दहा-बारा डाव अवश्य तपासावेत.

आता उणिवांकडे वळतो, कारण त्याही तितक्याच ठळक आहेत. पहिली म्हणजे अचूकतेचा आव. एखाद्या निर्णयात दोन पर्यायांमधला फरक एका बिग ब्लाइंडच्या शंभराव्या भागाइतका असला, तरी कमी असलेल्या पर्यायावर ॲप लाल खूण करते आणि एकूण गुणांतून वजाबाकी करते. तीन बिग ब्लाइंड वाया घालवणारी घोडचूक आणि हा नगण्य फरक यांना एकाच रंगात रंगवल्यामुळे शिकणाऱ्याचे लक्ष नको तिथे जाते. सेटिंगमध्ये सहनशीलतेची मर्यादा बदलता येते, पण ती मुळातच इतकी कडक ठेवण्याचे कारण मला तरी दिसले नाही.

दुसरी उणीव अधिक मूलभूत आहे. फ्लॉपनंतरची जवळपास सगळी उत्तरे दोनच खेळाडू डावात आहेत असे गृहीत धरून काढलेली आहेत. त्यामागे तांत्रिक अडचण आहे हे मान्य. दोघांच्या लिमिट होल्डेमचे जवळपास संपूर्ण उत्तर संगणकाने २०१५ मध्ये काढले आणि २०१९ मध्ये प्लुरिबस या प्रणालीने सहा जणांच्या नो-लिमिट खेळात व्यावसायिक खेळाडूंना हरवले; पण अनेक खेळाडूंच्या, निरनिराळ्या स्टॅकच्या टूर्नामेंटचे सिद्ध केलेले ‘बरोबर उत्तर’ आजही कोणाजवळ नाही. ॲप जे देते ते उपयुक्त अंदाज आहेत. त्यावर ‘अचूक’ अशी हिरवी मोहोर उठवण्याऐवजी तसे स्पष्ट लिहिले असते तर बरे झाले असते. कारण साध्या टूर्नामेंटमध्ये गुलामांवर रेझ केली की तिघे-चौघे सहज कॉल करतात, आणि फ्लॉपवर नव्वी, अठ्ठी, छक्की पडली की खरे घोडे तिथेच पेंड खाते. अशा पॉटमध्ये किती सावध व्हावे, पैज किती मोठी असावी, कोणाच्या रेझवर पाने टाकावीत, याविषयी सरावात मोजके प्रश्न आहेत आणि तेही फारसे विचारपूर्वक केलेले वाटत नाहीत.

आयसीएम गणकयंत्र हा ॲपचा सर्वांत गंभीर आणि मला सर्वांत आवडलेला भाग. या हिशेबाचे मूळ पोकरमध्ये नाही: डेव्हिड हार्व्हिल यांनी १९७३ मध्ये घोड्यांच्या शर्यतीसारख्या स्पर्धांतील क्रमांकांच्या शक्यता काढण्याची एक रीत मांडली होती, आणि मेसन माल्मुथ यांनी १९८७ मध्ये त्याच धर्तीचा विचार पोकर टूर्नामेंटला लावला. आपल्या चिप्सचे बक्षिसाच्या रकमेत मूल्य किती, याचा अंदाज ही रीत देते.

मी गणकयंत्राला दिलेले उदाहरण असे. चार खेळाडू उरले आहेत, चौघांकडे सारख्याच चिप्स आहेत, आणि बक्षिसे पहिल्या तिघांनाच आहेत: एकूण रकमेच्या ५०, ३० आणि २० टक्के. डाव सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाचा वाटा अर्थातच २५ टक्के. आता एकाने ऑल-इन केले आणि आपल्याकडे राण्या आहेत. कॉल करून हरलो तर हाती शून्य. जिंकलो तर चिप्स दुप्पट होतात, पण आपला वाटा दुप्पट होऊन ५० होत नाही, तो ३८.३ टक्क्यांवर येऊन थांबतो. उरलेली वाढ जाते बाजूला शांत बसलेल्या दोघांच्या खिशात. एकही चिप न लावता त्यांचा वाटा २५ वरून जवळपास ३१ होतो. म्हणजे ब्लाइंडची रक्कम बाजूला ठेवली, तर चिप्सच्या हिशेबाने ५० टक्के विजयाची शक्यता पुरली असती, पण बक्षिसाच्या हिशेबाने ती ६५ टक्क्यांहून अधिक लागते.

आता समोरचा माणूस कोण, यावर सगळे अवलंबून आहे. तो कोणत्याही दोन पानांवर ऑल-इन करणारा असेल, तर राण्या ८० टक्के वेळा जिंकतात आणि कॉल निःसंशय बरोबर आहे. पण तो सावध असेल आणि केवळ गुलामांपासून एक्क्यांपर्यंतच्या जोड्या व एक्का-राजा यांवरच ऑल-इन करत असेल, तर राण्यांची विजयाची शक्यता ४७ टक्क्यांच्या आसपास येते आणि त्या टाकून द्याव्या लागतात. इथवर बरेच जण मान्य करतील. पण त्याच संचासमोर राजांचा हिशेब केला, तर शक्यता ६३ टक्क्यांच्या आतच राहते, म्हणजे राजेसुद्धा, ब्लाइंडची भर नसेल तर, रेषेच्या किंचित खाली पडतात. आपल्या हातात दोन राजे असल्यामुळे समोर एक्का-राजा असण्याचे प्रकार १६ वरून आठवर येतात हे खरे, पण त्याने जिंकायला सोपे हातच कमी होतात, एक्क्यांची जोडी मात्र सहाच्या सहा प्रकारे शिल्लक राहते. एक्के तेवढे ८३ टक्क्यांच्या आसपास राहून सुखरूप कॉल करतात. एकाच पडद्यावर राण्या, राजे आणि एक्के यांचे हे तीन निकाल शेजारी-शेजारी ठेवून पाहता येतात, आणि बबलवर, म्हणजे बक्षिसांच्या अगदी उंबरठ्यावर, मोठी जोडी कशी खेळावी या विषयावर याहून चांगला धडा मी इतरत्र पाहिलेला नाही.

तरीही इथे एक चीड आणणारी गोष्ट आहे. ऑल-इन करणाऱ्याची रेंज ॲप आपणहून समतोल सिद्धांतानुसार गृहीत धरते, म्हणजे समोरचाही हाच हिशेब करून खेळतो आहे असे मानते. प्रत्यक्षात बबलवर कोणी भीतीने आखडलेला असतो, तर कोणी कंटाळून चिप्स उधळायला निघालेला. वरचे उदाहरण सांगते की निर्णय फिरतो तो नेमका याच गृहीतकावर. आणि ही रेंज बदलण्याची सोय मात्र एकात एक असलेल्या मेन्यूंच्या तळाशी, ‘प्रगत’ अशा शीर्षकाखाली दडवून ठेवली आहे. जी कळ पडद्याच्या मध्यभागी हवी होती ती शोधावी लागते, आणि ती आहे हे बहुतेकांना कळतही नसेल. शिवाय पुढच्याच डावात ब्लाइंड आपल्यावर येणार आहेत की नाही, मोठा स्टॅक झाल्यावर इतरांवर दबाव टाकता येईल की नाही, या गोष्टी आयसीएमच्या हिशेबात मुळातच येत नाहीत. ॲपने ही मर्यादा मदतपानावर नोंदवली आहे, हे प्रामाणिकपणाचे.

सॅटेलाइट, म्हणजे जिथे सगळी बक्षिसे सारखीच असतात अशा टूर्नामेंटसाठीचा विभाग लहान पण चोख आहे. दहा जागा आहेत, अकरा जण उरले आहेत, एकाकडे जेमतेम एक बिग ब्लाइंड आहे आणि आपला स्टॅक मध्यम आहे. अशा वेळी सर्वांत मोठ्या स्टॅकने ऑल-इन केले तर एक्केसुद्धा टाकावेत, असे उत्तर तिथे येते. आपली जागा ९८ टक्के निश्चित असेल तर ती ८५ टक्क्यांच्या पैजेवर लावण्यात हशील नाही, एवढाच त्याचा अर्थ, पण लाल रंगातला एक्क्यांचा चौकोन पाहिल्याशिवाय तो गळी उतरत नाही. याउलट बाउंटी टूर्नामेंटचा (प्रतिस्पर्ध्याला बाद केल्याबद्दल वेगळे बक्षीस असलेल्या) विभाग अगदीच उरकलेला आहे. प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर रक्कम असली की कॉलची मर्यादा सैल होते एवढे तो सांगतो, किती सैल हे मात्र दोन-तीन ठरावीक उदाहरणांपलीकडे दाखवत नाही.

स्वतःचे डाव तपासण्याच्या सोयीबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. ऑनलाइन खेळलेल्या डावांची नोंद ती व्यवस्थित वाचते. प्रत्यक्ष टेबलावरचा डाव हाताने भरायचा असेल तर प्रत्येक पैज स्वतंत्र टाइप करावी लागते आणि चार जण असलेला डाव भरेपर्यंत उत्साह मावळतो. फोनच्या लहान पडद्यावर १६९ चौकोनांची जाळी वाचणे डोळ्यांना त्रासदायक आहे. टॅबलेट किंवा संगणक असल्यास तोच वापरावा. हे साधन प्रत्यक्ष खेळताना शेजारी उघडे ठेवण्यासाठी नाही, हेही लक्षात असू द्यावे. बहुतेक ऑनलाइन पोकररूम्समध्ये खेळ सुरू असताना अशी मदत घेण्यास बंदी आहे.

राहता राहिला पैशांच्या मोबदल्याचा प्रश्न. ज्याला नियम आणि पॉटचा हिशेब येतो, पण गुलाम-राण्या हातात आल्या की दरवेळी एकाच पद्धतीने खेळण्याची सवय आहे, त्याने तक्ते आणि आयसीएम या दोन भागांसाठी मूळ वर्गणी घ्यायला हरकत नाही; फ्लॉपनंतरच्या सरावाचा वाढीव संच मात्र अनेक खेळाडूंच्या पॉटवर अधिक काम होईपर्यंत थांबून घ्यावा. अगदी नवख्याला हे ॲप मी सुचवणार नाही, कारण ‘का’ या प्रश्नाची उत्तरे त्याला इथे मिळणार नाहीत. घेतल्यावर पहिल्याच दिवशी दोन बदल करावेत: चूक धरण्याची मर्यादा एका बिग ब्लाइंडच्या दहाव्या भागापर्यंत सैल करावी, आणि ‘प्रगत’ मेन्यूत जाऊन रेंज बदलण्याची कळ मुख्य पडद्यावर आणून ठेवावी. तशी सोय सेटिंगमध्ये आहे, फक्त ती कोणी सांगत नाही.